म्हशीच्या पोटातून अकरा गाणी

"आधीच सांगून ठेवतो, तुमचा विश्वास बसणार नाही," मी म्हणालो. "माझाही बसत नव्हता. पण इतक्यांदा सांगितलं की शेवटी बसला."

खोली रिकामी करायचा तो तिसरा दिवस होता आणि आम्ही सगळेच दमलेलो होतो. तेहेतीस वर्षं मी या खोलीत बसून लोकांच्या गाण्यांवर शेवटचा हात फिरवला. मास्टरिंग म्हणतात त्याला. गाणारा गातो, वाजवणारे वाजवतात, कुणीतरी ते सगळं एकत्र बांधतं. आणि मग पोराला बाहेर पाठवण्याआधी आईने भांग पाडावा, सुटलेलं बटण लावावं, तसं गाणं माझ्याकडे येतं. यायचं. आता येत नाही, आणि आलं तरी उपयोग नाही. माझा डावा कान हल्ली फक्त चष्म्याची काडी अडकवायच्या कामाचा उरलाय.

सुतारमिस्त्री भिंतींवरच्या कापडी फळ्या उतरवत होते. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, खिडकीपाशी बसून यंत्रांतले काचेचे व्हॉल्व एकेक करून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. आठ वर्षांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिचा आवाज सुक्या पानांवरून झाडू फिरावा तसा येतो. दिवसाला पंचवीसच शब्द बोला असं डॉक्टरांनी सांगितलंय, असं ती सांगते. डॉक्टरांनी असलं काही सांगितलेलं नसणार. माझ्याशी बोलावं लागू नये म्हणून तिनेच काढलेली ती युक्ती आहे, असं माझं मत.

आणि खालच्या मजल्यावरची दंतवैद्यीण मोजपट्टी घेऊन वर आली होती. ही खोली आता तीच घेणार, दुसरी खुर्ची टाकायला. भिंती मोजून झाल्यावर ती कोपऱ्यातल्या कपाटाएवढ्या काळ्या यंत्रापाशी येऊन थांबली.

"काका, हे धूड काय आहे?"

"धूड नाही, म्हैस आहे. टेपचं यंत्र. ही वर आणली तेव्हा आठ हमाल होते आणि त्यातले दोन त्याच दिवशी धंदा सोडून गेले. ही चालू केली की खाली तुमच्या दवाखान्यातला पंखा आपोआप हळू व्हायचा."

"पंखा अजूनही हळूच फिरतो," ती म्हणाली.

"बघा! आठवण ठेवलीय त्याने."

ती हसली, पण दमलेल्या माणसासारखं. सकाळपासून अकरा दाढा झाल्या होत्या म्हणे. खाली लावलेली गाणी जिन्यातून पुसटशी वर येत होती. ताईचीच गाणी.

"हीच का हो, या म्हशीतून निघाली म्हणता ती?" तिने विचारलं. "मी रोज लावते. ही लागली की पेशंट खुर्चीत ढिले पडतात. काम संपलं तरी तोंड मिटा म्हणून सांगावं लागतं. पण ही तर मावशींच्या घरी कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलेली ना? मग या म्हशीचा त्यात काय संबंध?"

असा प्रश्न विचारल्यावर मी गप्प बसेन, असं मला ओळखणारा कुणी म्हणणार नाही. ताईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नवं पान उलगडलं. मी स्टूल ओढलं.

"साहेब, त्याचा पाय हलतोय," मिस्त्री म्हणाले.

"माहितीय. त्याची माझी जुनी ओळख आहे." मी जपून बसलो आणि ते विश्वास न बसण्याबद्दलचं वाक्य टाकलं. मग पुढे सांगितलं ते असं.

ताईने पस्तीस वर्षं शाळेत गाणं शिकवलं. स्वतःच्या चाली बांधल्या, त्या पोरींच्या तीन पिढ्यांना दिल्या, पण रेकॉर्डिंग म्हटलं की हात झटकायची. "माझं गाणं वर्गातलं, खडूच्या भुकटीतलं. बाहेर नेलं तर शिंका येतील त्याला." मग घशात गाठ निघाली. ऑपरेशनचा शुक्रवार ठरला. पुढे आवाज राहील का, असं विचारलं तर डॉक्टरांनी खांदे उडवले. डॉक्टरांनी खांदे उडवले की समजावं, पुस्तकातलं पान संपलं.

माझा भाचा, म्हणजे ताईचा मुलगा, दूर दुसऱ्या शहरात असतो. तो रजा काढून आला. निजायच्या खोलीत चहूकडे रजया टांगल्या, गादी भिंतीला उभी केली, इस्त्रीच्या टेबलावर कॉम्प्युटर मांडला आणि आईला त्या कापडाच्या गुहेत बसवून चार दिवसांत अकरा गाणी गाऊन घेतली. एकूण एक्केचाळीस मिनिटं. ताई तयार झाली ती एका अटीवर: तिने स्वतः ऐकून हो म्हटलं तरच ही गाणी राहतील. पोराने शब्द दिला. मग आपल्या गावी जाऊन त्याने स्वतःच त्यावर शेवटचा हात फिरवला आणि मला पाठवून दिलं.

सोमवारी मी ते ताईला ऐकवलं. पहिल्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यालाच तिने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"पुसून टाक," ती म्हणाली.

"अगं, पूर्ण ऐक तरी."

"हे गाणं नाही, माझी उलटतपासणी आहे. शुक्रवारी मला आत नेण्याआधी पुसलेलं पाहिजे. मी तिथे गुंगीत पडलेली असताना हा आवाज बाहेर मोकळा फिरायला नको."

मी भाच्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मामा, शब्द दिलाय. आई म्हणाली तर माझ्याकडचंही पुसेन, चोरून ठेवणार नाही. पण तुम्ही शुक्रवारपर्यंत काहीतरी करा."

"पण तुमच्या भाच्याचं चुकलं काय?" दंतवैद्यिणीने विचारलं.

रेकॉर्डिंगमध्ये काही चुकलं नव्हतं. कॉम्प्युटर हा अगदी सज्जन साक्षीदार. जे घडलं ते सांगतो, कमी नाही, जास्त नाही. ताईने श्वास घेतला, लिहिला. ओठ सुटले, लिहिलं. खुर्ची कुरकुरली, तेही लिहिलं. हे चांगलंच आहे. जुन्या काळी एवढं स्वच्छ मिळावं म्हणून आम्ही देव पाण्यात घालून बसायचो. चुकलं ते पुढे. आजकालची गाणी मोठ्ठी वाजतात म्हणून पोराने आईची गाणीही मोठी केली. शाळेच्या फोटोत सगळी एका उंचीची दिसावीत म्हणून बुटक्यांना स्टुलावर चढवावं आणि उंचांची डोकी कापावीत, तसं. ताईचं कुजबुजणं आणि ताईची हाक एकाच मापाची झाली. मग कान दमतात. माझं ऐका, कान आवाजाने दमत नाहीत, सारखेपणाने दमतात.

मी त्याच्याकडून मूळ रेकॉर्डिंग मागवलं, हात न लावलेलं. सोमवार, मंगळवार कॉम्प्युटरवर बसलो. पडद्यावर आवाजाचे डोंगर दिसतात, ते बघत बसलो. इथलं टोक जरा खाली, तिथलं जरा वर. नको वाटलं की एक बटण दाबून परत मागे. दोन दिवसांत त्रेचाळीस नमुने झाले आणि त्रेचाळीसही मला सारखेच वाटायला लागले. मी डोळ्यांनी ऐकत होतो. कान नुसते सोबतीला आलेले.

"आणि बुधवारी?" मिस्त्रींनी विचारलं.

"बुधवारचं सोडा. बुधवारी काही घडलं नाही. गुरुवारी दुपारी मी म्हशीवरचं फडकं काढलं."

"पण त्याने होतं काय? मला काही ते कळत नाही," मिस्त्री म्हणाले.

"मिस्त्री, रंधा मारून झाला, फळी सरळ झाली. मग तुम्ही बारीक कागद कशाला घासता?"

"हात फिरवला तर टोचू नये म्हणून."

"तेच. टेप म्हणजे तो कागद. फळी तीच, माप तेच, पण कोपऱ्यावरची धार जाते. मोठा आवाज आला की कॉम्प्युटरची भिंत असते, तिथे डोकं आपटतं. टेपला गादी असते. आवाज त्यात जरा रुततो आणि मग थांबतो. टोचणारे 'स' आणि 'च' जरा बोथट होतात. खाली थोडी ऊब येते. त्यात आधी तो ताईच्या हातातल्या त्या काचेच्या दिव्यांतून गेलेला असला, तर रंगही चढतो किंचित."

"हे कॉम्प्युटरमध्येही मिळतं ना?" दंतवैद्यीण म्हणाली. "माझा भाऊ करतो. बटणावर लिहिलेलंच असतं, टेप म्हणून."

"मिळतं. चांगलं मिळतं, खोटं कशाला बोलू?" ताईच्या हातातला कागद इथे जरा जोरात वाजला. "पण त्यात मागे जायचं बटणही मिळतं, तिथे घात होतो. म्हशीला पडदा नाही. बघायला काही नाही, म्हणून ऐकावं लागतं. मधूनच उडी मारता येत नाही, म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं लागतं. टेप मागे गुंडाळायला दोन मिनिटं लागतात, तेवढी कानांना विश्रांती. आणि माझ्याकडे कोरी टेप उरली होती एक. पंचेचाळीस मिनिटांची. एकच घास. त्रेचाळीस नमुन्यांचा प्रश्नच मिटला."

तर गुरुवार. ताई घरी, भिंतीकडे तोंड करून निजलेली. भाचा शुक्रवारी सकाळी पोचणार. खोलीत मी आणि म्हैस. स्पिरिटच्या बोळ्याने तिचं तोंड पुसलं, जिथून टेप जाते ते. तासभर नुसती गरम होत ठेवली. थंड म्हैस दूध देत नाही. व्हॉल्व तांबूस झाले, खोलीला तापलेल्या धुळीचा वास आला. मला तो वास फार आवडतो. कुठल्याच बटणावर तो लिहिलेला नसतो. मग तारा जोडल्या. कॉम्प्युटरमधून गाणी व्हॉल्वमध्ये, व्हॉल्वमधून टेपवर, आणि टेपवर उतरलेलं त्याच क्षणी पुढच्या बाजूने वाचून परत कॉम्प्युटरात. इकडून वैरण, तिकडून चरवी.

पहिलं गाणं सुरू झालं आणि अर्ध्या मिनिटात जळका वास आला.

"म्हशीला मोटरी दोन," मी सांगितलं. "एक टेप ओढते, वेग तिच्या हातात. दुसरी ओढलेली टेप पलीकडच्या स्पूलवर गुंडाळते. वर्षानुवर्षं उभी होती बिचारी. दोन्ही मोटरी एका क्षणी गेल्या."

"दोन्ही?" दंतवैद्यीण.

"दोन्ही. चाळीस वर्षांचा संसार, एक गेल्यावर दुसरी राहते कशी?"

"मग?"

"मग काय. शुक्रवारला अठरा तास. दुरुस्त करणारा माणूस आधीच वर गेलेला, म्हणजे कायमचा. मी टेप हाताने मागे घेतली, परत पहिल्यापासून लावली, उजवा हात स्पूलवर ठेवला आणि फिरवायला लागलो."

मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली. "साहेब, काहीही काय! हाताने फिरवलं तर सूर हलणार. कधी जाड, कधी बारीक."

"सामान्य माणसाचा हलेल. मी ताईच्या श्वासावर फिरवत होतो. लहानपणापासून तिच्या शेजारी झोपलोय, तिचा श्वास मला पाठ आहे. तिने घेतला की मी अर्धा फेरा सोडायचा, तिने सोडला की धरायचा. एक्केचाळीस मिनिटं! सात वेळा फोन वाजला, उचलला नाही. नाकावर माशी बसली, हलवली नाही. तिसऱ्या गाण्यापर्यंत माशी डोलायला लागली. पाचव्याला तिचे डोळे भरून आले."

"माशीचे?"

"इतक्या जवळून तुम्ही कधी बघितलेत का माशीचे डोळे? मग कशावरून नाही?"

दंतवैद्यीण आता खोक्यावर बसली होती. "पाच मिनिटं एका कोनात हात धरला तर माझा अंगठा वळतो," ती आपला अंगठा चोळत म्हणाली. "एक्केचाळीस मिनिटं!"

"आठव्या गाण्याला हात खांद्यापासून मेला. पण तेव्हा मी ऐकत होतो ना. ते नववं गाणं आहे, त्यात वर जाताना ताईचा आवाज फाटतो. गाठीमुळेच. कॉम्प्युटरवर ते काच फुटल्यासारखं लागायचं. तिने तिथपर्यंत ऐकलंसुद्धा नव्हतं. टेपवरून ते आलं आणि, काय सांगू, फाटलेलंच आलं. लपलं नाही काही. पण कपाला तडा जावा आणि तरी सवयीने आपण त्याच कपातून चहा पीत राहावा, तसं. तो तडा ओळखीचा वाटला."

हे मात्र खरं होतं, आणि ते सांगताना माझा आवाज जरा खाली गेला असावा, कारण मिस्त्री जरा पुढे सरकले. खालून, जिन्यातून, तेच गाणं वर येत होतं की काय ते मला कळलं नाही. माझ्या कानांचं आता काही सांगता येत नाही.

मिस्त्रींनी म्हशीवरचा टेपचा डबा उचलला. "हीच का ती?" डब्यावर लिहिलं होतं, 'ताई. अकरा. एकदाच.' त्यांनी डबा आडवा धरला, उभा धरला. "हे काय अक्षर, साहेब? कोंबडी चालून गेल्यासारखं."

"एक्केचाळीस मिनिटं फिरवलेला हात, मिस्त्री. त्यातून काय मोती गळणार?"

"तेही खरंच," मिस्त्री म्हणाले आणि डबा दोन्ही हातांनी जपून खाली ठेवला.

मग मी शेवटाकडे आलो. शेवट मी नेहमी सावकाश सांगतो. शुक्रवारी सकाळी सात वाजता मी ताईच्या घरी. ती पिशवी भरून पलंगाच्या कडेला बसलेली. पिशवीत टॉवेल, चपला, रिपोर्टांची जाडजूड फाइल. मला म्हणाली, पुसलंस? मी पुढे झालो. तिच्या कानांवर हेडफोन ठेवले. ती कान झाकायला हात उचलणार, तर मी ते दोन्ही हात धरले. "ताई," मी म्हटलं, "या हातांची शपथ आहे तुला. माझ्या या एका हाताकडे बघ, रात्रीपासून बोटं उघडत नाहीयेत." तिने ऐकलं. अकराच्या अकरा. खाली गाडी हॉर्न वाजवत होती. शेवटी तिने हेडफोन काढले, माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "राहू दे."

दंतवैद्यिणीने डोळे टिपले. मोजपट्टी तिच्या हातातून सुटून सर्रकन आत गेली. मिस्त्री म्हशीकडे बघत मान हलवत राहिले. मी स्टुलावर जरा मागे रेललो. दमलो होतो, पण हा दमणुकीचा चांगला प्रकार.

तेवढ्यात वर्तमानपत्राची कुरकुर थांबली.

ताईने हातातला व्हॉल्व खोक्यात ठेवला, वर कागदाचा बोळा दाबला आणि घसा साफ केला. तिला बोलायचं असलं की आधी ते करावं लागतं; त्यालाच निम्मा दम जातो.

"तुझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता," ती म्हणाली.

"अगं, तो नंतर..."

"बुधवारी. याच स्टुलावरून पडलास. कोपरापर्यंत प्लास्टर. आंघोळीचं पाणी मी काढून देत होते."

मिस्त्रींनी स्टुलाच्या पायाकडे बघितलं, मग डब्यावरच्या अक्षराकडे, मग माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघितलं. तिथे काहीही नव्हतं.

"ओढणारी मोटर ठणठणीत होती," ताई पुढे म्हणाली. आजचे पंचवीस संपत आले होते आणि ती थांबत नव्हती. "वेग तिनेच धरला. मेली ती गुंडाळणारी. मी आले होते पुसलंस का ते बघायला. दारातच ओरडलास, ताई, टेप जमिनीवर चाललीय, एकच आहे, धर! एका हाताने स्पूल फिरव, दुसऱ्याने टेप सावर."

"मावशी," दंतवैद्यीण हळूच म्हणाली, "म्हणजे फिरवत होतात तुम्ही? आणि ऐकलंतही? सगळं?"

"न ऐकून काय करते? एक्केचाळीस मिनिटं दोन्ही हात अडकलेले," ताई म्हणाली. "कान झाकायला मोकळा हात होता कुठे?"